किलवर-चौकटचा तिढा आणि राजारामपुरीतला बिडिंगचा वर्ग

आधी निकाल सांगतो, कारणं मागाहून. तुम्हाला ब्रिज खेळता येतं, पॉइंट मोजता येतात, पण हातात पाच किलवर आणि चार चौकट आली की भिडूशी वाजतंच, असं असेल तर कोल्हापुरात राजारामपुरीतला हा रविवार सकाळचा वर्ग तुमच्यासाठी आहे. ब्रिज पहिल्यापासून शिकायचं असेल तर जाऊ नका. तिथं फिनेस म्हणजे काय हे कुणी सांगत बसत नाही. आणि एकट्यानं तर मुळीच जाऊ नका. एकटे गेलात तर तुम्ही शहाणे होऊन याल, भिडू जागच्या जागी राहील, आणि घरातली शांतता आणखी बिघडेल.

वर्गाला नाव नाही, बाहेर पाटीही नाही. राजारामपुरीच्या आतल्या एका गल्लीत, पहिल्या मजल्यावर, एका निवृत्त गृहस्थांच्या घरचा हॉल. सगळे त्यांना सर म्हणतात. ते शिक्षक नव्हते. पाटबंधारे खात्यात नोकरी केली, धरणाच्या साइटवरच्या वसाहतीत संध्याकाळी करायला काही नसायचं म्हणून ब्रिज शिकले. चार टेबलं, हिरवं कापड, प्रत्येक टेबलावर चार बिडिंग बॉक्स (बोलीच्या कार्डांच्या डब्या). पानं वाटायची, बोली लावायची, कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे कुठल्या हुकुमावर किती हात करायचे ते, ठरलं की चौघांची पानं उघडी टाकायची आणि मग चर्चा. प्रत्यक्ष खेळ फार कमी. दोन महिन्यांच्या बॅचचा विषय एकच होता: दोन्ही मायनर रंग (किलवर आणि चौकट; इस्पिक आणि बदाम हे मेजर) असलेल्या अडनिड्या पानांची बोली.

मी उद्यमनगरात टर्निंगचं वर्कशॉप चालवतो. माझा भिडू म्हणजे बायकोचा भाऊ. मी त्याला पाव्हणं म्हणतो, तो मला दाजी. लहानपणी आम्ही दोघंही मेंढीकोट आणि तीनशे चारवर वाढलो, ब्रिज पुढं लागलं. आमच्यात इस्पिक-बदामवरून कधी वाद होत नाही. तिथं आठ पानांचा मेळ सापडला की चार बोलायचं, संपलं. वाद होतो तो किलवर-चौकटवर, आणि तो होणारच, कारण गुणांची रचनाच तशी आहे. चौघांच्या एकेक पानाची फेरी जिंकली की एक हात; पहिले सहा हात गुणांत धरत नाहीत, बोलीतला आकडाही सहाच्या पुढचाच. त्यापुढं मेजरच्या प्रत्येक हाताला ३०, मायनरच्या २०. गेमला, म्हणजे मोठ्या बोनसला, १०० लागतात. म्हणजे इस्पिकमध्ये दहा हात केले की गेम, किलवरमध्ये अकरा. नो ट्रम्पमध्ये (हुकूम नाही, बोलीत एनटी) पहिल्या हाताला ४० आणि पुढच्यांना ३०, तिथं नऊ हातांत भागतं. हॅरॉल्ड व्हॅन्डरबिल्टनं १९२५ साली बोटीच्या प्रवासात हा खेळ बसवला आणि जेवढं बोलाल तेवढंच गेमसाठी धरायचं असं ठरवलं, तेव्हापासून मायनरवाल्यांच्या नशिबी ही विवंचना आहे: आपला रंग सांगू की तो पोटात ठेवून थ्री एनटीकडे जाऊ?

आता वर्गातला पहिला बोर्ड, म्हणजे पहिला डाव. बॅचचे पैसे माझ्या मते इथंच वसूल झाले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पानं अशी: इस्पिकची अठ्ठी एकटी. बदाम राजा, सत्ती, चव्वी. चौकट एक्का, राणी, छक्की, तिर्री. किलवर राजा, गुलाम, नव्वी, पंजी, दुर्री. एकूण तेरा पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १). ओपनिंग करायची यात शंका नाही. सरांनी सगळ्यांना पहिली बोली कागदावर लिहायला सांगितली. बहुतेकांनी वन क्लब (किलवर) लिहिलं, दोघा-तिघांनी वन डायमंड (चौकट). मग म्हणाले, "भिडू वन स्पेड, म्हणजे इस्पिक, म्हणाला. आता दुसरी बोली लिहा." हॉलमध्ये पेन थांबली.

अडचण कुठं आहे बघा. वन क्लब, वन स्पेड, आणि आता चौकट दाखवायची म्हणून टू डायमंड म्हणावं तर तो रिव्हर्स होतो, म्हणजे चौकट हा किलवरच्या वरचा रंग असल्यानं बोली चढते. भिडूला किलवर जास्त आवडलं तर त्याला थ्री क्लबवर जावं लागतं, म्हणजे नऊ हात. माझे तेरा आणि त्याचे सहा, एकोणीस पॉइंटांत नऊ हात कुठून काढणार? म्हणून रिव्हर्सला सोळा-सतरा तरी पाहिजेत. वन एनटी म्हणावं तर इस्पिक एकटं. टू क्लब म्हणावं तर भिडू सहा किलवर धरतो, आपली पाच आणि तीही फार तगडी नाहीत. वन डायमंड उघडून टू क्लब म्हटलं तर बोली गुळगुळीत होते, पण आपण चौकट पाच आणि किलवर चार असल्याचं सांगून बसतो. प्रत्यक्षात उलटं आहे. चौकट पाच आणि किलवर चार असती तर काहीच त्रास नव्हता. सगळा घोटाळा धाकटा रंग लांब आणि थोरला रंग आखूड असल्याचा.

मग सरांनी प्रत्येक टेबलावर समोरच्या भिडूला वेगळी पानं दिली. ही युक्ती मला फार आवडली. आमच्या टेबलावर पाव्हण्याकडे इस्पिक राजा, राणी, दश्शी, छक्की, तिर्री. बदाम गुलाम, अठ्ठी, पंजी. चौकट नव्वी, पंजी. किलवर राणी, अठ्ठी, चव्वी. आठ पॉइंट. मी वन डायमंड उघडलं, त्यानं वन स्पेड, मी टू क्लब. आता त्याच्या बाजूनं विचार करा. माझी टू क्लब ही अकरापासून सतराअठरापर्यंत काहीही असू शकते. पास केला आणि माझ्याकडे सतरा निघाले तर गेम गेला. चौकट माझी पाच असणार असं त्याला वाटतंय. म्हणून तो चांगला भिडू जे करतो तेच करतो, दोनच चौकट असताना टू डायमंड म्हणतो, बोली जिवंत ठेवतो. मी पास. पानं उघडी पडली तेव्हा आम्ही चार आणि दोन अशा सहा चौकटींवर हुकूम लावून बसलो होतो, आणि शेजारी पाच आणि तीन अशी आठ किलवर आरामात पडलेली.

पाव्हणं म्हणाला, "दाजी, हे तुमचं."

सर तिथंच होते. म्हणाले, "यांचंही नाही, तुमचंही नाही. दोघांची बोली नियमात बसते. पण पहिली बोली लावताना यांनी पुढचं घर बघितलं होतं का, एवढंच विचारा."

दुसऱ्या टेबलावर हीच पानं वन क्लब, टू क्लब अशी गेली आणि गाडी बरोबर थांबली. तिसऱ्या टेबलावर मात्र समोर पंधरा पॉइंट आणि चार चौकट होती. तिथं वन डायमंड उघडणाऱ्यांना चौकटचा मेळ लगेच सापडला, वन क्लब-टू क्लब करणाऱ्यांना फेरफटका मारून. एकच उत्तर बरोबर असं त्यांनी ठरवून दिलं नाही, हे मला पटलं. त्यांचं म्हणणं असं: किलवर चांगली असतील, राजा-गुलाम-दश्शी वगैरे, तर वन क्लब उघडा आणि पाच असली तरी टू क्लब म्हणायला लाजू नका. चौकट एक्का-राजा-राणी अशी आणि किलवर फुटकळ पाच असतील तर वन डायमंड. इस्पिकचं एकटं पान राजा किंवा राणी असेल तर वन एनटीसुद्धा चालतं. पण काय करणार ते पहिली बोली लावण्याआधी ठरवा. आमच्या धंद्यात जॉब चकमध्ये धरण्याआधी शेवटचा कट कुठून घ्यायचा ते ठरलेलं असतं, नाहीतर अर्ध्यात काढून उलटा धरावा लागतो आणि सेंटर जातं. मला हे सगळं त्यामुळं लगेच उमगलं.

सरांनी या एका प्रकारावर तीन रविवार घालवले. वर्गातल्या काहींची कुरकुर झाली. पाच-पाचची मजेदार पानं कधी येणार, असं एक डॉक्टर सारखे विचारायचे. मी घरी जाऊन हिशेब मांडला. दोन्ही मायनर नेमकी पाच-पाच असण्याची शक्यता शेकडा ०.६८ च्या आसपास पडते, म्हणजे साधारण दीडशे वेळा पानं उचलली तर एकदा. आणि दोन मायनर पाच-चार, कुठलीही पाच आणि कुठलीही चार, ही शक्यता शेकडा चारच्या थोडी वर. २४ बोर्डांची संध्याकाळ धरली तर साधारण दर बैठकीला एकदा हे दुखणं तुमच्या हातात येणार. मग तीन रविवार योग्यच होते. डॉक्टरांना पाच-पाच हवी असतात कारण तिथं टू एनटी असं दणक्यात म्हणता येतं.

तो टू एनटी. विरुद्ध जोडीतल्या कुणी वन हार्ट (बदाम) किंवा वन स्पेड उघडलं आणि आपण उडी मारून टू एनटी म्हटलं की दोन्ही मायनर, पाच-पाच. अल रॉथ या अमेरिकी खेळाडूनं १९४८ साली ही बोली काढली. ती सोपी आहे आणि म्हणूनच लोकांना तिची खाज असते. सरांनी हा भाग ज्या पद्धतीनं शिकवला ती मी दुसरीकडं कुठं पाहिली नाही. त्यांनी टू एनटी म्हणणाऱ्याला नाही, तर त्याच्या विरुद्ध खेळणाऱ्याला टेबलावर बसवलं.

डिक्लेररकडे, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट खेळणाऱ्याकडे, इस्पिक एक्का, गुलाम, दश्शी, सत्ती, चव्वी. डमीत, म्हणजे त्याच्या भिडूच्या उघड्या पानांत, राजा, नव्वी, छक्की, दुर्री. बाहेर राणीसकट चार पानं. कॉन्ट्रॅक्ट फोर स्पेड, आणि हुकुमाचा एकही हात गमवायची सोय नाही. काहीच माहिती नसेल तर नऊ पानांवर माणूस एक्का-राजा ओढतो आणि राणी पडेल अशी आशा धरतो. इथं राणी, अठ्ठी आणि पंजी उजवीकडे होती, त्यामुळं तसं खेळणारा एका हातानं बुडतो. आता हाच बोर्ड, पण डावीकडच्यानं मध्ये टू एनटी म्हटलेलं. उतारी बदामची, पाठोपाठ दुसरा बदाम, डावीकडच्यानं दोन्हींना पान दिलं. दहा पानं किलवर-चौकटची, दोन बदामची, उरलं एक. म्हणजे इस्पिक त्याच्याकडं फार तर एकच. डिक्लेररनं डमीतून राजा खेळला, डावीकडून तिर्री पडली, मग डमीतून छक्की, उजवीकडून अठ्ठी, आपली दश्शी लावली, हात आला. एक्क्याखाली राणी पडली. फोर स्पेड सहज.

"तुम्ही तेरातली दहा पानं टेबलावर उघडी टाकलीत," सर डॉक्टरांना म्हणाले, "आणि कॉन्ट्रॅक्टही त्यांनीच घेतलं. तुम्हाला काय मिळालं?"

डॉक्टर म्हणाले, "समाधान."

हसण्यावारी गेलं, पण मुद्दा बसला. टू एनटी तेव्हाच, जेव्हा कॉन्ट्रॅक्ट आपल्याकडं यायची किंवा सॅक्रिफाइसची, म्हणजे मुद्दाम पडून त्यांचा गेम चुकवायची, खरी शक्यता आहे. पॉइंट लांब रंगात असले पाहिजेत; इस्पिकमध्ये राजा-गुलाम आणि किलवर पंजीपासून खाली अशा पानांवर तोंड मिटून बसायचं. आणि व्हल्नरेबिलिटी बघायची, म्हणजे त्या बोर्डावर कुठल्या जोडीला बोनस आणि दंड जास्त आहे ते. विरुद्धवाले व्हल्नरेबल असताना त्यांच्या फोर स्पेडचे ६२० होतात. आपण नॉनव्हल्नरेबल असून फाइव्ह क्लब डबलमध्ये (दंड वाढवणारी बोली) तीन हातांनी पडलो तर ५००, फायदा. चौथा पडला की ८००, तोटा. आपणही व्हल्नरेबल असलो तर दोन हातांनाच ५०० आणि तिसऱ्याला ८००. हा तक्ता सरांनी भिंतीवर मोठ्या अक्षरात लावलाय. त्याच्या शेजारी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेचं वर्तमानपत्रातलं कात्रण: प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार, पुरुष जोडीचं सुवर्ण, एकाचं वय ६०, दुसऱ्याचं ५६. कुणी "या वयात आता नवीन कन्व्हेन्शन (सांकेतिक बोली) कशाला" म्हणालं की सर बोलत नाहीत, कात्रणाकडं बोट करतात.

समोरच्यानं आपल्याविरुद्ध टू एनटी म्हटलं तर काय करायचं हा भागही झाला. डबल म्हणजे पॉइंट आहेत आणि त्यांना ठोकायची तयारी आहे. त्यांच्या रंगांतल्या बोल्या म्हणजे आपल्या मेजरबद्दलची माहिती. तो भरभर उरकला, आणि तेवढा पुरे होता.

मॅचपॉइंटवरचा (त्याच पानांवर बाकीच्या टेबलांपेक्षा जास्त गुण काढायची स्पर्धा) रविवार मात्र मला आणखी लांबलेला चालला असता. दोन्ही मायनर पाहिले की माणसाला नो ट्रम्पची भीती वाटते, कारण मेजरमध्ये चारच पानं असतात. सरांनी फळ्यावर फक्त आकडे लिहिले. नॉनव्हल्नरेबल, किलवरमध्ये पाच बोललात, बारा हात केलेत: ४२०. शेजारच्या टेबलावर त्याच पानांवर कुणीतरी थ्री एनटी खेळला आणि दहाच हात केले: ४३०. तुम्ही दोन हात जास्त घेऊनही खाली. वर्गातला एकजण म्हणाला, ही तर फसवणूक आहे की. त्यातून धडा एवढाच की पाच-चार-दोन-दोन अशी पानं असतील आणि दोनवाल्या रंगांत राजा किंवा राणी असेल, तर मायनरचं कौतुक न करता नो ट्रम्पकडे वळावं. मेजरमध्ये शून्य किंवा एक असेल तर रंगातच राहावं, आणि रंगात राहायचं असेल तर सहाची चौकशी करावी. सहा बोलून केले तर ९२०, तिथं थ्री एनटीवाला बारा हात करूनही ४९० वरच अडकतो. पाचवर थांबणं हे बहुतेक वेळा दोन्हीकडून मार खाणं. टीम मॅचमध्ये हा हिशेब बदलतो, तिथं दहा गुणांनी काही बिघडत नाही, आणि सुरक्षित फाइव्ह क्लब हा धोक्याच्या थ्री एनटीपेक्षा बरा. हे वाक्य सरांनी एकदाच म्हटलं. वर्गातले निम्मे लोक टीम मॅचच खेळतात, त्यांच्यासाठी त्यावर अर्धा तास तरी द्यायला हवा होता.

इथून पुढं वर्ग घसरला. भिडूनं वन एनटी उघडलंय, पंधरा ते सतरा, आणि आपल्याकडं दोन्ही मायनर आहेत, तेव्हा काय? प्रश्न चांगला आहे. उत्तर म्हणून सरांनी एकापाठोपाठ तीन पद्धती वाटल्या. एकीत टू स्पेड म्हणजे दोन्ही मायनर, भिडूनं चार पानांचा मायनर असेल तर तो सांगायचा, नसेल तर टू एनटी. दुसरीत थ्री क्लब म्हणजे पाच-पाच कमकुवत आणि थ्री डायमंड म्हणजे पाच-पाच जोरदार. तिसरीत ट्रान्स्फर. शिवाय टू एनटी ओपनिंगवर थ्री स्पेड म्हणजे दोन्ही मायनर, हे वेगळं. एका सकाळीत एवढं. दुसऱ्या रविवारी वर्गातली एक जोडी एकीकडून पहिली आणि दुसरीकडून दुसरी पद्धत खेळत होती, आणि दोघांनाही आपण बरोबर आहोत याची खात्री होती. आम्ही घरी येऊन टू स्पेडवाली ठेवली आणि बाकीचे कागद ड्रॉवरमध्ये टाकले. तुम्हीही एकच निवडा. ०.६८ टक्के आठवा.

प्रिसिजन खेळणारी एक जोडी आली होती. सी. सी. वेई यांची ती पद्धत, जिच्यावर तैवानचा संघ १९६९ साली बर्म्युडा बाउल या जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत गेला. त्यांच्याकडं सोळाच्या पुढची पानं वन क्लबमध्ये जातात, त्यामुळं वन डायमंडनंतरच्या टू क्लबला वरची मर्यादा असते आणि आमच्या पाव्हण्याला पडला तो पेच तिथं निम्मा होतो. त्यांना सर "तुमचं आपण नंतर बघू" म्हणाले आणि ते नंतर शेवटपर्यंत आलं नाही. पाच पानी मेजर आणि पंधरा-सतरा नो ट्रम्प खेळत नसाल तर हे लक्षात घेऊन पैसे भरा.

कागदांबद्दल. दर रविवारी झेरॉक्स मिळते, मराठीत, सरांच्या हस्ताक्षरात. रंगांसाठी इ, ब, चौ, कि अशी अक्षरं. मराठीतून ब्रिजचं लेखी काही मिळणं हेच दुर्मिळ, त्यामुळं मी ते सगळे कागद फाइल करून ठेवलेत. पण एका कागदावर चौकटचा गुलाम दोन हातांत होता आणि आम्ही पंधरा मिनिटं त्या बोर्डावर डोकं फोडल्यावर ते लक्षात आलं. तपासून द्यायला हरकत नव्हती. आणखी एक: बोलीचा क्रम ते उभा लिहितात, चार रकान्यांत नाही. कोण काय म्हणालं हे शोधायला बोट लावून वाचावं लागतं.

वेळ साडेनऊची, सुरुवात दहाला. कोल्हापुरात रविवारी सकाळी मिसळ खाऊन माणसं येणार म्हटल्यावर हे असंच चालणार, पण सांगलीहून गाडीनं येणारं एक जोडपं रोज वेळेवर येऊन जिन्यात उभं असायचं, ते काही बरं दिसत नव्हतं. लिफ्ट नाही. चारचाकी नेऊ नका, गल्लीत लावायला जागा मिळत नाही आणि समोरचे बंगलेवाले लगेच खाली येतात. हॉलला पंखा एक, तो सरांच्या डोक्यावर. चहा दोनदा मिळतो, सरांच्या घरच्या काकू स्वतः करतात, आलं ठेचून घातलेला, सोबत खारी. त्याबद्दल तक्रार करणाऱ्याला मी भेटलेलो नाही.

सर रागावतात. आवाज चढवून नाही, पण "ही बोली तुम्ही कुणासाठी लावलीत?" असं सगळ्यांसमोर विचारतात आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसतात. शाहूपुरीतल्या एका काकूंनी त्यांना एकदा उत्तर दिलं, "तुमच्यासाठी नाही, माझ्या भिडूसाठी, आणि त्याला कळली." त्यांच्या भिडूनं, म्हणजे त्यांच्या जावेनं, मान हलवली. पानं उघडल्यावर बघितलं तर कॉन्ट्रॅक्ट बरोबर होतं. त्या दोघी वर्गातली सगळ्यात चांगली जोडी, आणि त्यांच्याकडं कन्व्हेन्शनच्या नावाखाली जेमतेम स्टेमन आणि ब्लॅकवुड. पाच किलवर, चार चौकट आली की त्या वन क्लब आणि टू क्लब, प्रत्येक वेळी तेच. समोरचीला ते पक्कं माहीत असतं, त्यामुळं ती टू क्लबवर सहाची आशाच धरत नाही, आणि तीन पानं असतील तरच उचलते. सरांना हे फारसं रुचत नव्हतं. मला रुचलं. पद्धत थोडी कमी अचूक असली तरी दोघांनाही एकच ठाऊक असणं, हे माझ्या हिशेबी जास्त मोलाचं.

पाव्हण्याचं आणि माझं शेवटी असं ठरलं: तेरा-चौदापर्यंत किलवर चांगली तर वन क्लब, टू क्लब, चौकट खूपच चांगली तर वन डायमंड, आणि त्यानंतर भिडूनं दोन चौकट आणि तीन किलवर असताना आठ पॉइंटांवर उगाच टू डायमंडला जायचं नाही, पास. दहाच्या पुढं असतील तर जायचं. यात कधीतरी गेम सुटणार, ते मान्य केलं. हे सगळं सिस्टिम कार्डाच्या मागच्या बाजूला मराठीत लिहून ठेवलंय. समोरच्या जोडीनं विचारलं तर सांगतो. लपवायचं काही नाही, लपवणं नियमातही बसत नाही. तेव्हापासून किलवर-चौकटवरून घरापर्यंत वाद आलेला नाही. बायकोनं विचारलं, तिकडं काय शिकवतात? पाव्हणं म्हणाला, "गप्प बसायला." तिला फी कमीच वाटली.

फी बॅचची, माणशी दोन हजार, कागद आणि चहासकट. मोबाइलवर रोबोटबरोबर फुकट सराव करता येतो हे खरं, मीही करतो, पण रोबोट तुमच्या भिडूला समोर बसवून "तुला काय वाटलं होतं?" असं विचारत नाही. पहिले तीन रविवार, टू एनटीचा एक आणि मॅचपॉइंटचा एक, एवढ्यासाठी मी ही रक्कम पुन्हा देईन. नो ट्रम्पवरच्या पद्धतींच्या भागाला नाही गेलात तरी चालेल. कागद शेजाऱ्याकडून घ्या. पाचपैकी साडेतीन तारे.

पुढची बॅच दोन्ही मेजर असलेल्या पानांवर आहे असं ऐकतोय. जाताना पेन आणि वही आपली न्या, चष्मा विसरू नका, दुचाकी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर लावा, तिथं कुणी काही म्हणत नाही. जोडीनं नाव नोंदवलं तर फीत थोडी सूट मिळते. सर स्वतःहून सांगत नाहीत, मागावी लागते. मागा.